पावसात गिटारच्या तारा वर गेल्या, आता सॅडल घासू की रॉड आवळू?

गोव्यातल्या साखळीहून आलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणाऱ्याने लिहिलंय: एप्रिलमध्ये नवीन अकूस्टिक गिटार घेतली, सॉलिड स्प्रूस टॉपची (म्हणजे वरची पाटी एकसंध स्प्रूस लाकडाची), तेव्हा हाताला मस्त होती. आता जुलैत बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाडी ई तार ३.४ एमएम आणि बारीक ई २.६ एमएम वर गेलीय, एफ कॉर्ड धरताना बोटं कापतात, आणि गंमत म्हणजे तारा एवढ्या वर असूनही पहिल्या दोन-तीन फ्रेटवर जाडी तार बझ करते, म्हणजे फ्रेटला लागून झणझणते. क्लासचे सर म्हणतात सॅडल (पोटावरच्या लाकडी ब्रिजमधली पट्टी, जिच्यावरून तारा जातात) घासून आण, मावसभाऊ म्हणतो ट्रस रॉड (मानेच्या आतला धातूचा दांडा) आवळ, सगळं ठीक होईल.

दोघांचंही ऐकू नकोस. म्हणजे सॅडल कधीच घासायचं नाही असं नाही, पण जुलै महिन्यात, गोव्यात, गिटार ओली असताना तर अजिबात नाही. मी फोंड्याकडे बरीच वर्षं हेच काम करतो आणि डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे बझ करणाऱ्या ज्या गिटारी येतात त्यातल्या कितीतरी अशाच असतात, कुणीतरी पावसात सॅडल खाली केलेलं असतं, मग हवा कोरडी झाली की टॉप बसतो आणि तारा फ्रेटला टेकतात. घासलेलं हाड परत येत नाही, नवीनच करावं लागतं.

तुझ्या गिटारला नेमकं काय झालंय ते आधी समजून घे. लाकूड दमट हवेत फुगतं ते मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळजवळ नाहीच. टॉपच्या कडा चारी बाजूंनी चिकटवलेल्या, आतून ब्रेसेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) चिकटवलेले आणि त्यांच्या रेषा बऱ्यापैकी आडव्या जातात म्हणून ते लांब होत नाहीत, मग फुगलेल्या टॉपला बाजूला सरकायला जागाच नसते, तो वर उठतो. टॉपवर ब्रिज, ब्रिजमध्ये सॅडल, म्हणजे सॅडलही तेवढंच वर गेलं. लॅमिनेटेड टॉपला हा त्रास कमी कारण त्यात थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. सॉलिड टॉप वाजतो छान पण हवेचं सगळं ऐकतो. पणजीत जुलैच्या सकाळी आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, साखळी-डिचोलीकडे डोंगर जवळ, काही वेगळं नाही, आणि गिटार बनवणारे बहुतेक ४५ ते ५५ टक्के धरून बनवतात. मग काय होणार.

आता बझचं. फ्रेटबोर्डचं लाकूडसुद्धा ओल पितं आणि फुगतं, आणि तो मानेला फक्त एका बाजूने चिकटलेला, त्यामुळे बऱ्याचदा पावसात मान किंचित मागे जाते, म्हणजे मानेत जो थोडा पुढचा बाक असायला हवा (रिलीफ म्हणतात त्याला) तो कमी होतो किंवा संपतोच. रिलीफ गेला की पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ. म्हणून तुझी दोन्ही लक्षणं एकत्र आलीत, वर तारा उंच आणि खाली बझ. यात मावसभावाने सांगितल्याप्रमाणे रॉड आवळलास तर मान आणखी मागे जाईल आणि बझ वाढेल. ट्रस रॉड तारांची उंची ठरवायला नसतो, तो मानेचा बाक ठरवायला असतो. उंची थोडीफार बदलते त्याने, पण तो परिणाम आहे, त्याचं काम नाही. हे एवढं जरी सगळ्यांनी लक्षात ठेवलं तरी माझं अर्धं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

मग करायचं काय. आधी गिटार सुकव. सुकव म्हणजे उन्हात ठेवू नको, हेअर ड्रायर लावू नको, गॅसजवळ तर नकोच नको. चांगली बंद होणारी केस घे, कापडी बॅग असेल तर गिटार बॅगसकट मोठ्या जाड प्लॅस्टिकमध्ये ठेवलीस तरी चालेल, आत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाक, ऑनलाइन स्वस्तात मिळतो, आणि सिलिका जेलच्या दोन-तीन मोठ्या पुड्या. चपलांच्या डब्यात येतात त्या चिमुकल्या पुड्यांनी काही होत नाही. जेल नारिंगी रंगाचं घे, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, आणि जेल ओलं झालं की भाजून परत वापरायचं असतं, तेव्हा ते निळं जेल घरच्या तव्यावर टाकशील आणि आईच्या शिव्या खाशील त्या वेगळ्या. हायग्रोमीटर ५० च्या आसपास आला की एक पुडी काढ, ४५ च्या खाली जाऊ देऊ नकोस, अति सुकवलं तर टॉपला चीर जाते आणि ते प्रकरण याहून महाग. निदान दोन आठवडे तरी दे. लाकूड सावकाश ओलं होतं आणि सावकाशच सुकतं.

आणि भिंतीवर टांगू नकोस! गिटार दिसायला छान दिसते म्हणून लोक हुकला लावतात, आपली घरं चिऱ्याची, पावसात बाहेरची भिंत आतून घाम फुटल्यासारखी ओली होते, त्या भिंतीला गिटारची पाठ टेकलेली. टांगायचीच तर आतल्या भिंतीवर, तीही ऑक्टोबरनंतर. एसी खोली असेल तर बरं, पण रात्रभर एसी आणि दिवसभर उघडी खिडकी हा सगळ्यात वाईट प्रकार, त्यापेक्षा केस बरी.

दोन आठवड्यांनी परत माप, आणि मापायच्या आधी ट्यून कर. हे सांगावं लागतं, कारण अर्धा सूर खाली असलेल्या गिटारवर लोक माप घेतात. १२-५३ गेजच्या (म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच, सर्वांत जाडी ०.०५३ इंच) सहा तारा मिळून मानेवर सत्तर किलोच्या वर ओढ असते, ती ओढ कमी-जास्त झाली की माप बदलतं. रोज ज्या पट्टीत वाजवतोस त्याच पट्टीत ट्यून करून, गिटार वाजवायच्या स्थितीत मांडीवर धरून माप, उताणी ठेवून मापलीस तर थोडा फरक पडतो.

आता क्रम. मान, मग नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यातून तारा चाव्यांकडे जातात), मग सॅडल. सॅडल शेवटी. काही लोक नट शेवटी करतात, त्यात चूक नाही, पण मला नट आधी आवडतो कारण नव्वद टक्के शिकाऊ लोकांची तक्रार 'एफ धरवत नाही' हीच असते आणि ती तक्रार बहुतेक वेळा नटची असते, सॅडलची नसतेच.

मानेसाठी: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लाव, चौदाव्या फ्रेटवर (जिथे मान पोटाला मिळते तिथे) जाडी ई दाब. आता तारच तुझी सरळ पट्टी झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेच्या खाली किती फट आहे ते बघ. स्कूटरच्या मेकॅनिककडे टॅपेट सेट करायचं फिलर गेज असतं, पत्र्याच्या पातळ पात्यांचं, ते स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, गिटारचं म्हणून वेगळं घ्यायची गरज नाही. फट ०.१ ते ०.२ एमएम हवी. फिलर गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ एमएम जाड असतो, एक कागद जातो आणि तीन घातले की तार उचलली जाते, एवढं दिसलं की मान ठीक, पुढे जा. फट अजिबात नाही, तार फ्रेटला चिकटलेली, तर रॉड थोडा सैल करायचा, घड्याळाच्या उलट दिशेने. फट ०.३-०.४ असेल तर घड्याळाच्या दिशेने आवळायचा. एका वेळी एक अष्टमांश फेरा, जास्तीत जास्त पाव. मग ट्यून, मग परत माप, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. एलन की घट्ट बसणारी घे, सैल कीने रॉडच्या टोकाच्या नटची (तारांचा नट नव्हे) कडा गोल झाली तर ते बाहेर काढायला माझ्यासारख्याकडे यावं लागेल. आवळताना जोर लागायला लागला तर थांब. क्लासिकल म्हणजे नायलॉन तारांच्या बहुतेक गिटारींना फिरवता येणारा रॉड नसतोच, त्यांच्यावर हे शोधत बसू नका.

(आणि नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका, कुणीही, कधीही. ब्रिज उखडून हातात येतो. हे प्रश्नात नव्हतं पण दर चवथीच्या आधी अशी एक तरी गिटार येते, म्हणून लिहिलं.)

नट. इथे जरा जास्त वेळ घालवतो. सोपी परीक्षा अशी की पहिल्या फ्रेटवर कॅपो लाव आणि एफचा आकार एक फ्रेट पुढे सरकवून धर. कॅपो लावल्यावर नट खेळातून बाहेर जातो, तार थेट फ्रेटवरून निघते. आता बॅरे (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) एकदम सोपा वाटला तर दोषी नट. कॅपो लावूनही तितकाच जड वाटला तर मग सॅडल, मान, तारांचा गेज, किंवा सवय. दुसरी परीक्षा, प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायचं. दिसेल न दिसेल अशी, केसाएवढी फट राहिली पाहिजे, बोटाने टिचकी मारली की बारीक 'टिक' असा आवाज येतो. मोठी फट दिसली तर खाच उथळ आहे. अजिबात फट नाही तर खाच जास्त खोल, मोकळी तार वाजवली की बझ करणार. नट उंच असेल तर अजून एक खूण असते, मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर पण पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात, कारण तार खाली दाबताना ताणली जाते. सी कॉर्ड बेसूर वाटतो म्हणून ट्यूनर बदलणारे लोक पाहिलेत मी.

स्वस्त आणि मधल्या किमतीच्या नवीन गिटारींना कारखान्यातून नट मुद्दाम थोडा उंच ठेवून येतो, कारण उंच नट बझ करत नाही आणि दुकानातून परत येत नाही. म्हणून तुझ्या गिटारला एप्रिलपासूनच नट उंच असायची शक्यता बरीच आहे, तेव्हा तारा सॅडलकडे खाली होत्या म्हणून जाणवलं नाही एवढंच.

खाच खोल करायला नट फाईल लागतात, प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी. महाग असतात. जुगाड म्हणून गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या खरखरीत तारांचा सेट हार्डवेअरमध्ये मिळतो, प्लॅस्टिकच्या नटवर पुरतो, हाडावर वेळ लागतो. खाच मागे चावीच्या बाजूला उतरती हवी, तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवरूनच सुटली पाहिजे, उलटा उतार झाला तर सतारीसारखा आवाज येतो. दोन-तीन हात मारायचे, तार परत बसवायची, ट्यून, बघायचं. दोन-तीन म्हणजे दोन-तीनच. जास्त खोल गेलं तर खाचेत चिमूटभर खायचा सोडा टाकून वर फेविक्विकचा एक थेंब, दगडासारखं होतं, मग परत घासायचं. चालतं, मीही घाईच्या कामात करतो, पण ते कायमचं नाही. पहिल्यांदाच करत असशील तर खरं सांगायचं तर नट कुणाकडून तरी करून घे आणि बाकी सगळं स्वतः कर.

आता सॅडल. समज दोन आठवडे सुकवल्यावर, मान आणि नट बघितल्यावर, बाराव्या फ्रेटवर जाडी ई ३.४ वरून २.९ वर आली. (किती येईल ते मी इथे बसून सांगू शकत नाही, उदाहरण म्हणून आकडा घेतलाय.) माप घ्यायचं ते फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत, मोकळ्या तारेवर. स्टीलची पट्टी घे जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो, कंपासपेटीतल्या पट्टीला पुढे दोन-तीन एमएम मोकळी जागा असते, तीवर मापलं की सगळंच चुकतं. स्टील तारांच्या अकूस्टिकला सर्वसाधारण जाडी ई २.४ आणि बारीक ई १.८ च्या आसपास, हे मी बहुतेकांना लावून देतो. बोटांनी हळू वाजवणाऱ्याला २.१ आणि १.६ पण चालतं. चर्चच्या क्वायरमध्ये किंवा शॅकवर रात्रभर पिकने झोडणाऱ्याला २.७ आणि २.०, नाहीतर तो बझ होते म्हणून दुसऱ्याच दिवशी परत येतो. नायलॉनला जास्त, ४ आणि ३ च्या जवळपास. तुझी साखळीतली भजनी मंडळी किंवा नाट्यगीतवाले पेटीबरोबर काळी दोनमध्ये बसवणार असतील तर तू डीचे आकार धरून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावशील, तेव्हा तारा जास्त उंच असल्या की कॅपोने सगळे सूर थोडे थोडे चढतात आणि पेटीशी भांडतात, कॅपो लावल्यावर परत ट्यून करायची सवय ठेव.

तर २.९ वरून २.४ ला यायचं, म्हणजे बाराव्या फ्रेटवर अर्धा एमएम. बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या बरोबर मध्ये, म्हणून तिथे अर्धा एमएम हवा तर सॅडलवरून एक एमएम काढावा लागतो. दुप्पट. आणि आता तुझे आजचे आकडे घेऊन बघ, ३.४ वरून २.४ म्हणजे सॅडलवरून पूर्ण २ एमएम, ब्रिजच्या वर सॅडल साडेतीन एमएम दिसत असेल तर उरणार दीड. मग तार सॅडलवरून पिनकडे (जिने ती ब्रिजमध्ये अडकवलेली असते) नीट वळतच नाही, दाब पडत नाही, आवाज मेला. सरांच्या सांगण्याप्रमाणे आज घासलं असतंस तर इथे पोचला असतास, आणि जानेवारीत टॉप बसल्यावर वर बझ. अडीच-तीन एमएम सॅडल ब्रिजच्या वर राहायलाच हवं असं धरून चाल.

घासायचं ते खालून. वरचा गोलावा आणि इंटोनेशनचा कोन (ज्याने मानेवर वरपर्यंत सूर जुळतात) तसाच ठेवायचा. तारा सैल कर, पिना काढ, सॅडल पक्कडीत कापड घालून सरळ वर ओढ. किती काढायचं तिथे पेन्सिलने रेघ मार, दोन्ही टोकांना व्हर्नियरने माप. किचनच्या ओट्याचा ग्रॅनाइट एकदम सपाट असतो, त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, सॅडल एखाद्या काटकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून घास, शेवटी २२०. ठोकळा वापर, नुसत्या बोटांनी घासलं की दोन्ही टोकं जास्त झिजतात आणि खालची बाजू होडीसारखी होते. आतमध्ये पिकअप असेल तर हीच खोट लगेच कळते, एखादी तार ॲम्पवर ऐकूच येत नाही आणि लोक पिकअपला दोष देतात. रेघेच्या थोडं आधीच थांब, बसवून ट्यून करून माप, मग उरलेलं.

पण माझा खरा सल्ला असा की मूळ सॅडलला हातच लावू नकोस. ते डबीत ठेव. नवीन ब्लँक (न घडवलेली सॅडलची पट्टी) घे आणि त्यावर काम कर. हाडाचं उत्तम, काही मंडळींना हाड नको असतं, मग टस्कचं (हस्तिदंत नव्हे, कृत्रिम असतं ते) घे, तेही चांगलं. गोव्यात सॉलिड टॉप वाजवणाऱ्याकडे दोन सॅडल असावीत हे मी सगळ्यांना सांगतो, एक पावसाळ्याचं थोडं बुटकं आणि एक नोव्हेंबर ते मेचं. बदलायला तारा बदलण्याइतकाच वेळ लागतो. केसमध्ये सांभाळून ठेवणारा असशील तर एकावर भागेल, पण दर रविवारी गिटार घेऊन पावसातून फिरणारा असशील तर दोन कर.

एक गोष्ट सुकवायच्या आधीच तपासून घे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा सरकवून बघ. आत गेला तर ब्रिज सुटत चाललाय, आणि तारा वर जायचं कारण तेच. तेव्हा तारा सैल करून सरळ दुरुस्तीला ने, घासणं-आवळणं काही नाही. गिटार मे महिन्यात बंद गाडीत ठेवली होती का कधी? गरम गाडीत गोंद मऊ होतो आणि ब्रिज सरकतो, मिरामारला गाडी लावून चार तास फिरून येणाऱ्यांच्या गिटारींचं हे नेहमीचं. टॉपवर बोटाने हलके टकटक करत जा, कुठे फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर आतला ब्रेस सुटलाय. आणि मानेचा कोन, फ्रेटांवर लांब सरळ पट्टी ठेव, तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला लागलं किंवा किंचित वरून गेलं तर छान. ब्रिजच्या मध्यात कुठेतरी येऊन अडकलं, तेही सुकवल्यानंतर, तर मान रीसेट (मान काढून कोन नीट करून परत बसवणं) लागेल, ते मोठं काम, पण नवीन गिटारला वॉरंटी असते, आधी बिल शोध.

तारांबद्दल विचारलं नाहीस पण १२ वरून ११-५२ वर जा, निदान पावसापुरतं. ओढ कमी होते, बोटांना आराम, टॉपलाही. फक्त गेज बदलला की मानेची फट परत बघायची, ती थोडी कमी होते. पावसात आणि समुद्राकडे तारा लवकर गंजतात, कोटेड घेतल्यास तर पैसे वसूल होतात, आणि वाजवून झालं की सुक्या फडक्याने वरून-खालून पुसून केसमध्ये. सुकवून झाल्यावर चार आकडे लिहून पाठव, दोन्ही ईची बाराव्या फ्रेटवरची उंची, सातव्यावरची फट, आणि ब्रिजच्या वर सॅडल किती दिसतंय. मग नवीन सॅडल किती उंचीचं करायचं ते सांगतो.